लागला की वाटला?

मासा गळाला लागला की हाताला हिसका बसतो, काठी कमानीसारखी वाकते आणि माणूस ओरडतो, असं ज्यांनी लिहून ठेवलंय त्यांनी टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनच्या खाडीत जानेवारीत कधी पाय बुडवलेला नसावा. इथला स्पेकल्ड ट्राउट हिसका वगैरे देत नाही. फार तर दखल घेतो. आपलं आमिष तोंडात घेतो, रबर आहे हे त्याच्या ध्यानात येतं, थुंकतो आणि पुढच्या कामाला लागतो. एवढं सगळं उरकेपर्यंत काठीमागच्या माणसाला इतकंच वाटतं की मघाशी काहीतरी झालं खरं. किंवा नसेलही झालं.

थंडीतली शनिवारची सकाळ ह्यूस्टनमधली शहाणी माणसं पांघरुणात काढतात. मी ती याच खाडीच्या वेस्ट बे नावाच्या भागात, कमरेएवढ्या पाण्यात काढतो. पाय उचलून टाकायचे नाहीत, तळाशी घासत न्यायचे, कारण पाकट वाळूत दडलेली असते आणि तिच्या पाठीवर पाय पडला तर तिचा काटा पोटरीत घुसतो. तिचा स्पर्श ओळखायला मात्र अभ्यास लागत नाही म्हणतात.

हा ट्राउट नावाचाच ट्राउट. डोंगरातल्या थंड ओढ्यातल्या खऱ्या ट्राउटशी त्याचं काही नातं नाही. तो आपल्या घोळीच्या आणि ढोम्याच्या कुळातला. पाठीवर काळे ठिपके आणि वरच्या जबड्यात पुढेच एक-दोन सुळे. अलिबागला आईला व्हिडिओ कॉलवर मोठ्या अभिमानाने दाखवला, तर तिने चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाली, "अरे, हा तर ढोमा! ह्याच्यासाठी अमेरिकेला गेलास होय?" तरीही या अमेरिकन ढोम्यासाठी मी विणलेला दोरा, हलकी काठी, रीळ, रबरी विजार आणि सरकारी परवाना एवढं सगळं जमवलं आहे. त्या पैशात आईने वर्षभर पापलेट खाल्लं असतं.

आमिष म्हणजे बोटाएवढा रबरी मासा, शेपूट वळवळणारं. त्याच्या तोंडाशी शिशाचा थेंब असलेला गळ. त्या शिशाचं वजन औंसाचा आठवा भाग, म्हणजे साडेतीन ग्रॅम. एवढ्याच वजनाचं सोनं भाचीच्या लग्नात घातलं तर नातेवाईक तोंडावर नावं ठेवतील. दुकानात या रबराची अख्खी भिंत असते. गढूळ पाण्यात गडद रंग, नितळ पाण्यात फिका, असं सगळे सांगतात आणि येताना सगळे रंग घेऊन येतात.

आता हे साडेतीन ग्रॅम पन्नास-साठ हात लांब फेकायचं. काठीचं टोक दोनदा हलकेच उचलायचं, म्हणजे रबर तळावरून उडी मारतं. मग ते पडू द्यायचं. ट्राउट ते घेतो तो बहुतेकदा पडतानाच, आणि पडताना दोरा सैल असतो. खरी मेख इथे आहे. दोरा ताणून धरला तर आमिष ओढल्यासारखं दिसतं आणि मासा फिरकत नाही. सैल सोडला तर मासा येतो, पण त्याचा निरोप येत नाही. म्हणून म्हणे अर्धवट ताणायचा. अर्धवट म्हणजे किती, हे आमच्या गुरुजींनाही सांगता येत नाही.

गुरुजी म्हणजे टेक्सास सिटीच्या रिफायनरीतून निवृत्त झालेले एक आजोबा. खाडीत ते माझ्या डावीकडे वीस-पंचवीस हातांवर उभे असतात, तोंडात न पेटवलेली सिगार. त्यांच्या काठीचं टोक हललेलं मला कधी दिसत नाही. मनगट तेवढं एकदा फिरतं आणि पाण्यात पांढरं काही उसळतं. मासा सोडवता सोडवता ते माझ्याकडे न बघताच म्हणतात, "बडी, तुला आत्ता लागला होता."

"कधी?"

"आत्ता. दोरा बाजूला सरकला ना तुझा."

माझी काठी माझ्या हातात, माझा दोरा माझ्या बोटावर, आणि बातमी शेजाऱ्याकडून! काही विचारायला तोंड उघडावं तर ते पुन्हा म्हणतात, "हा बघ, दुसरा. गेला."

मला काहीच जाणवत नाही असं नाही, उलट सगळंच जाणवतं. तळाला कालवांचे खडक आहेत. शिसं कालवावर आपटलं की टक्. गवतात अडकलं की जडपणा. खेकडा ओढतो तेव्हा ढिम्म. चिल्लर मासे रबराची शेपटी कुरतडतात तेव्हा टकटकटकटक, कोणी पेन्सिलीने बाकावर वाजवावं तसं. वाऱ्याने दोऱ्याला झोळ आला की आणखी वेगळंच काही. या प्रत्येकाला मी जिवाच्या आकांताने झटका देतो. कालवांना तर इतके झटके दिलेत की खडकाने तक्रार करायला हवी होती. एकदा खरंच जोरात ओढ लागली, काठी वाकली, मी ओरडलोसुद्धा, आणि वर आला शिंगाळा, अंगभर चिकट, कल्ल्यांजवळचे काटे ताठ उभारून. शिंगाळ्याचं चावणं कोणालाही कळतं. त्याला अब्रूची पर्वा नाही.

ट्राउटचं तसं नाही. तो आमिष दाताने धरत नाही, गिळतो पाण्याबरोबर. जबडा आणि कल्ले फाकवून तोंडात पोकळी करतो, पाणी आत ओढलं जातं, आणि त्या पाण्यासोबत आपलं रबरही. पाणी कल्ल्यांतून बाहेर, रबर आत. यात दोऱ्याला ओढ बसलीच पाहिजे असं कुठे आहे? घेऊन तो आपल्याच दिशेने पोहत आला तर ओढ बसण्याऐवजी आहे तो ताणही जातो. थंडीत पाणी गार झालं की त्याचं अंगही गार पडतं, तो सुस्तावतो, आणि मग तर अगदी उपकार केल्यासारखं घेतो. म्हणून ओळखायची असते ती बहुतेक वेळा एखादी गोष्ट नसल्याची खूण. आमिष पडताना मनात अंक मोजायचे. रोज चौथ्या अंकाला तळाला टेकणारं शिसं आज तिसऱ्यालाच थांबलं, टेकल्याची टक् आलीच नाही, वजन मधल्या मध्ये नाहीसं झालं. म्हणजे कोणीतरी वरच्या वर झेललं.

पंगतीतला मुरलेला वाढपी "पुरे, पुरे" हे शब्द ऐकतच नाही. तो पानावर आडव्या धरलेल्या हाताकडे बघतो. बोटं जुळलेली असली तर पुरे, फटी असल्या तर आणखी दोन जिलब्या. ट्राउटचा सगळा कारभार त्या फटींमध्ये चालतो, आणि मी इतकी वर्षं शब्द ऐकत आलो.

उपाय सांगणारे खूप. नायलॉनचा तंगूस ताणला जातो, त्यात निरोप विरून जातो, म्हणून विणलेला दोरा लाव. लावला. दोरा पिवळाधमक घे, म्हणजे तो सरकला तर दिसेल. घेतला. पाण्यात सूर्य चमकायला लागला की तो पिवळाही दिसत नाही. दोरा तर्जनीवरून जाऊ दे, बोटाला कळतं. थंडीत आठ वाजेपर्यंत ती तर्जनी माझी आहे हेच मला कळत नसतं. जिवंत कोळंबी आणि वर तरंगतं बूच लावलं तर प्रश्नच मिटतो. बूच बुडालं की ओढायचं, पाच वर्षांच्या पोरालाही जमतं. पण गुरुजींच्या शेजारी बूच लावून उभं राहायचं म्हणजे वारकऱ्याने कंठी घालून मटणाच्या दुकानात रांग लावण्यापैकी आहे.

अशाच एका सकाळी पाण्यावर तेलकट तवंग आला आणि कलिंगडाचा वास सुटला. हे खोटं वाटेल, पण खाली ट्राउट खात असले की असा वास येतो. खाडीवरचे लोक त्यावर नाव वळवतात. मी रबर फेकलं. एक, दोन, तीन... चार आलाच नाही. नेहमीप्रमाणे विचार करायला घेतला असता, पण वासाने डोकं फिरलं होतं, मनगट आपोआप फिरलं. आणि काठीच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी जोरजोरात मान हलवायला लागलं.

"सावकाश!" गुरुजी ओरडले. या माशाचं तोंड इतकं नाजूक, की जोर केला तर ओठ फाटून गळ निसटतो. म्हणजे चावलेलं कळायला एक तप, आणि कळल्यावर आनंदाने ओढायचीही सोय नाही.

मासा हातात आला. गुरुजींनी पट्टी काढली. फेब्रुवारी २०२१ च्या गोठवणाऱ्या थंडीत टेक्सासच्या किनाऱ्यावर किमान ३८ लाख मासे मेले, तेव्हापासून इथले नियम आवळत गेले. २०२४ पासून ट्राउट दिवसाला फक्त ३, आणि तेही १५ ते २० इंचांतले. माझा मासा पट्टीवर आडवा ठेवला. शेपटीची दोन्ही टोकं चिमटीत धरून जुळवायला कायद्याची परवानगी आहे. गुरुजींनी जुळवली. मग मी जुळवली. मग दोघांनी मिळून जुळवली.

दोन सूत कमी.

रात्री आईचा फोन आला. तिकडे रविवार सकाळ, ती बाजारात निघाली होती.

"मिळालं का काही?"

"एक मिळाला होता. सोडला. पंधरा इंचाला दोन सूत कमी भरला."

"अरे, कोळीण वाटा लावते तेव्हा आपण नग मोजतो. लांबी कोण मोजतं? बरं, मग जेवायला काय केलंत?"

"पनीर."

पलीकडून काहीच आवाज आला नाही. रेंज गेली असं वाटून मी दोनदा हॅलो हॅलो केलं.

"आहे रे मी," आई म्हणाली. "ऐकलं."