केवडा बुरशीत मोडत नाही
द्राक्षाच्या रोगांवरच्या एका लेखात भुरी आणि केवडा, म्हणजे बागायतदारांचा डाऊनी, हे दोन्ही रोग ‘बुरशीजन्य’ म्हणून एकत्र टाकलेत. भुरी खरी बुरशी: पेशीभित्तिकेत कायटिन हा चिवट पदार्थ, पेशीपटलात स्वतः बनवलेलं स्टेरॉल, म्हणजे मेदासारखा घटक. केवडा ज्याच्यामुळे होतो तो प्लाझ्मोपॅरा विटिकोला मात्र ऊमायसीट, म्हणजे बुरशीसारखा दिसणारा पण तपकिरी शैवाल आणि डायटम या एकपेशीय शैवालाचा नातलग. त्याच्या भित्तिकेत सेल्युलोज असतं आणि त्याचे बीजाणू दोन कशाभिका (शेपटीसारखे धागे) हलवत ओल्या पानावर चक्क पोहतात.

फरक पुस्तकी नाही. भुरीवरचं हेक्झाकोनॅझोल हे बुरशीनाशक बुरशीत स्टेरॉल तयार होणं रोखतं. प्लाझ्मोपॅरा ते मुळात बनवतच नाही, त्यामुळे केवड्यावर ती फवारणी वाया जाते. तिथे डायमेथोमॉर्फसारखं औषध लागतं. म्हणून आधी पान उलटून बघाच! वर तेलकट पिवळा डाग आणि नेमका त्याच्याखाली पांढरा लवदार थर दिसला तर केवडा. भुरीची राखाडी भुकटी पानाच्या वरच्या बाजूलाही असते आणि बोटाने पुसली जाते.