पिल्लाला म्हणे दिवसा झोपू देऊ नका!

‘पिल्लाला दिवसा झोपू देऊ नका, म्हणजे ते रात्री गप झोपेल. दिवसभर लोळणारं पिल्लू अशक्त असतं, त्याला कॅल्शियम सुरू करा. झोपेत पाय झाडत असेल तर फिट समजून लगेच उठवा.’ अशा आशयाचा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आणि नव्याने कुत्रं आणलेली घरं तो इमानेइतबारे पाळतात. त्यात भरडलं जातं ते पिल्लू.

आधी तासांचा हिशेब. दोन महिन्यांचं पिल्लू चोवीस तासांतले साधारण १८ ते २० तास झोपतं. सलग नाही, तासभर जागं, मग तास-दोन तास आडवं. उठलं की शू, खाणं, पायपुसण्याशी मारामारी, की परत डुलकी. मोठं कुत्रंही बारा-चौदा तास सहज काढतं. म्हणजे ज्याला अशक्तपणा म्हटलंय, ती या वयाची रीतच आहे.

शिवाय झोपेत बरंच काम चाललेलं असतं. बुडापेस्टच्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. ‘बस’, ‘आडवा हो’ या आज्ञा हंगेरियनमध्ये येणाऱ्या कुत्र्यांना त्यांनी त्याच आज्ञा इंग्रजीत शिकवल्या, मग डोक्याला इलेक्ट्रोड लावून झोपवलं. झोपून उठल्यावर नव्या आज्ञा त्यांना आधीपेक्षा चांगल्या जमल्या. ती कुत्री मोठी होती, पण ज्याला रोज सगळंच नवं आहे त्या पिल्लाची झोप मोडून आपण काय साधणार?

आता ‘दिवसा जागवा’चा परिणाम बघा. संध्याकाळी सातची वेळ. मुलं क्लासहून आलेली, बेल वाजतेय, पिल्लू दुपारपासून जागं. ते सोफ्याभोवती सुसाट पळतं, पायजम्याला लटकतं, हाताला कचाकच चावतं. घरचे म्हणतात, ‘बाप रे, केवढी एनर्जी!’ आणि आणखी बॉल फेकतात. बहुतेक वेळा ती एनर्जी नसते, झोप अनावर झालेली असते. आडोशाला गादी टाका, दिवा मालवा आणि मुलांना दुसऱ्या खोलीत पिटाळा. अनेकदा दहा मिनिटांत चावरं पिल्लू चारी पाय पसरून घोरत असतं.

रात्रीच्या रडण्याचं कारण वेगळंच. या वयात लघवी फार वेळ धरवत नाही; दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन-तीन तास म्हणजे पुष्कळ. त्यात आई आणि भावंडं नुकतीच सुटलेली. गादी आपल्या पलंगाशेजारी हवी आणि मध्यरात्री एकदा, लाड न करता, शू करवून आणायला हवं. दिवसभर जागवल्याने मूत्राशय मोठं होत नाही.

कॅल्शियमच्या सल्ल्यावर मात्र माझा खरा राग आहे. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन यांसारख्या मोठ्या जातींच्या लहान पिल्लांना जास्तीचं कॅल्शियम शोषून घेणं थांबवता येत नाही आणि त्याने हाडांची वाढ बिघडते, पाय वाकडे होतात. चांगल्या पपी फूडमध्ये ते मोजूनच घातलेलं असतं. घरचं दूधपोळी-वरणभात चालू असेल तर काय कमी पडतंय ते डॉक्टरांना विचारा, मेसेजला नको.

पाय झाडणं, मिशा थरथरणं, झोपेत कुंई कुंई करणं ही झोपेतली नेहमीची चुळबुळ, फिट नव्हे. लहान पिल्लांत ती भरपूर असते. हळू हाक मारली की पिल्लू डोळे उघडतं आणि लगेच आपल्याला ओळखतं. फिटमध्ये अंग ताठ होतं, हाकेला ओ मिळत नाही, बऱ्याचदा शू-शी होते आणि नंतरही ते काही वेळ भांबावलेलं असतं. तेव्हा व्हिडिओ काढून ठेवा, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

एका बाबतीत मेसेज खऱ्याच्या जवळपास येतो: झोप आजाराचीही असू शकते. पण ते तासांवरून कळत नाही, जागेपणी पिल्लू कसं आहे यावरून कळतं. वाटी वाजवली तरी उठत नाही, कालपर्यंत तुटून पडायचं ते खाणं आज हुंगूनही बघत नाही, उलट्या, पातळ किंवा रक्त मिसळलेली शी, पांढुरक्या हिरड्या, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. पार्वो हा विषाणूचा आजार लहान पिल्लाला एक-दोन दिवसांतही नेतो, आणि गोचिडांमुळेही रक्त कमी होऊन पिल्लू मलूल पडतं. दवाखान्यात नेताना कडेवर किंवा पेटीत न्या. लसीकरण पूर्ण झालेलं नसेल तर तिथल्या फरशीवर खाली सोडू नका.