आजारी पडा, पण अवयववार

मुंबईत राहून अजून एकाच डॉक्टरकडे जात असाल, तर चारचौघांत सांगू नका. आणि जमलं तर नाक्यावरच्या गाळ्यातल्या त्या फॅमिली डॉक्टरांची पायरी चढणं बंदच करा. फार चौकशा करतात हो. तुम्ही जाता छातीत जळजळतंय म्हणून आणि ते विचारतात, "झोप लागते का? आईचं कसं आहे? धाकट्याचं यंदा दहावीचं ना?" अहो, जळजळीचा आणि दहावीचा संबंध काय! जॉर्ज एंगल नावाच्या एका अमेरिकन डॉक्टराने १९७७ साली लिहून ठेवलं की शरीर, मन आणि माणसाचा भोवताल एकत्रच बघायला हवा. बरं झालं, आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते कुणी फॉरवर्ड केलं नाही.

गिरण्या होत्या तेव्हा या भोचकपणाला थोडा तरी अर्थ होता. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसमध्ये सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्याच दिवशी छाती आवळते. ते पकडायचं तर "कुठल्या खात्यात आहेस? कार्डिंगला?" हे विचारावंच लागतं. धंदा विचारत जा, असं रामात्झिनी नावाचा इटालियन वैद्य १७०० सालीच सांगून गेला होता. आता गिरण्यांच्या जागी टॉवर उभे आहेत. तुम्ही बारा-बारा तास खुर्चीत बसता की बाइकवर, याच्याशी कुणाला काय देणंघेणं?

तेव्हा गावच्या जमिनीची करतात तशी शरीराची रीतसर वाटणी करून टाका. हृदय एकाकडे, साखर दुसऱ्याकडे, गुडघे तिसऱ्याकडे. एकदा वाटणी झाली की कुणी कुणाशी बोलत नाही.

मग बघा गंमत. बीपीसाठी ॲम्लोडिपिन सुरू होईल. काहींच्या घोट्यांना त्याने सूज येते. तुमच्या आली, तर कुठली गोळी चालू आहे हे अजिबात न सांगता नवा डॉक्टर गाठा. तो लघवी होण्याची गोळी देईल. आता रात्री तीनदा उठणं आलं, म्हणजे झोपेचं खोबरं. त्यावर झोपेची गोळी मिळतेच. तिची गुंगी सकाळी डोळ्यांवर, आणि तशाच अवस्थेत तुम्ही ८.१२ची फास्ट पकडायला जिना उतरणार. तोल गेला की हाडांचा डॉक्टर आला. तो दुखणं थांबवायची गोळी देईल आणि तसल्या बऱ्याच गोळ्यांनी बीपी चढतं. झालं, पुन्हा पहिल्या डॉक्टरच्या दारात! यात एकाचंही काही चुकलेलं नसतं, प्रत्येकाने आपापला अवयव चोख सांभाळलेला असतो.

साखरेच्या मेटफॉर्मिनने आणि ॲसिडिटीच्या पँटोप्रॅझोलने वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, हेही कानाआड करा. त्यामुळे पायाला मुंग्या आल्या की नसांचा डॉक्टर आहेच.

एवढं करूनही धाकधूक वाटलीच, तर फुल बॉडी चेकअपचं पॅकेज घ्या. घरी येऊन रक्त नेतात, रंगीत रिपोर्ट पाठवतात. त्यात सगळं तपासलेलं असतं, तुम्हाला सोडून. नोकरी गेल्याचं बायकोला अजून सांगितलेलं नाही, हे कुठल्याच रकान्यात येत नाही. मन हा अवयव नसल्यामुळे त्याचा दर पॅकेजमध्ये धरलेला नाही.

हां, एक मात्र कटाक्षाने टाळा. घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून त्या गाळ्यातल्या डॉक्टरांपुढे ओतू नका. ते चष्मा कपाळावर चढवून एकेक पाकीट उचलतात. "ही कुणी दिली? कशासाठी? अजून घेतोयस?" मग दोन-तीन फोन लावतात आणि चार पाकिटं बाजूला सारतात. वर म्हणतात, "उद्या बायकोला घेऊन ये." नाक्यावरच्या केमिस्टने गेल्याच महिन्यात एसी बसवलाय. त्याच्या हप्त्यांचा तरी विचार करा.