वाढेल की लाल!

कालपासून माझ्या टाकीत दहा मासे आहेत आणि दहाच्या दहा तोतये. कार्डिनल टेट्रा म्हणून १,२०० रुपये मोजले, घरी येऊन भिंगातून बघतो तर त्याच्यासारखाच दिसणारा निऑन टेट्रा! निळा पट्टा दोघांनाही असतो. पण कार्डिनलचा तांबडा डोक्यापासून शेपटीपर्यंत जातो, निऑनचा मध्यावर कुठेतरी सुरू होतो. पुढचं पोट पांढरंच. रंगारी अर्धी भिंत मारून चहाला गेला, तो आलाच नाही.

पुरावा म्हणून एक मासा पिशवीत घालून दुकान गाठलं. दुकानदाराने पिशवी उजेडात धरली. "बच्चे आहेत, साहेब. वाढेल की लाल!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात स्टुलावरचे काका म्हणाले, "टाकी कुठल्या दिशेला?" ते आपल्या आरोवाना माशासाठी खाद्य घ्यायला आले होते.

"टीव्हीशेजारी."

"टीव्ही ही दिशा नाही."

"मग... ईशान्य असेल."

काकांनी मांडीवर थाप मारली. "झालं! ईशान्य पाण्याची. निळा भरपूर येणार, लाल कुठून येणार? लाल आग्नेयेचा!"

दुकानदाराने मान डोलावली. हे तोही पहिल्यांदाच ऐकत असावा, पण त्याला लगेच पटलं.

"अहो काका, जातीच वेगळ्या आहेत! निऑन पेरू-कोलंबियाकडच्या ॲमेझॉन खोऱ्यातला. कार्डिनल रिओ निग्रो नदीच्या काळ्या पाण्यातला, ओरिनोको नदीकडचा. निऑनचं शास्त्रीय नाव १९३६ चं. कार्डिनलचं १९५६ चं, आणि तेव्हा एका दिवसाच्या अंतराने दोन वेगवेगळी नावं छापून आली, भांडण प्राण्यांच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय आयोगापर्यंत गेलं..."

"बघा," काका दुकानदाराला म्हणाले, "शास्त्रज्ञांचंसुद्धा एकमत नाही." मग माझ्याकडे वळून, "आमच्या आरोवानालाही तेज नव्हतं. टाकी हलवली, महिन्यात जावयाला नोकरी लागली."

"आणि आरोवानाला तेज?"

"जावयाला नोकरी लागली म्हणतोय ना!"

यावर काय बोलणार? देवगडच्या पेटीतून कर्नाटकचा आंबा निघतो तेव्हा तरी आपण काय बोलतो? वास घेतो, गप्प बसतो, पुढच्या वर्षी त्याच माणसाकडे जातो. निऑनवर माझा राग नाही. देखणा मासा आहे, बिचारा. पण त्याच दुकानात तो चाळीसला मिळतो, आणि जाळी मारताना त्या माणसाला दोन्ही टाक्या नीट ठाऊक होत्या. चिडचीड फसवल्याची नाही एवढी, फसवल्यावर समजूत घातल्याची आहे. तीही दोघांनी मिळून.

रात्री दीड वाजता टॉर्च घेऊन टाकीपाशी गेलो. अंधारात हे मासे रंग उतरवून ठेवतात. निळा नाही, तांबडा नाही, दहाही फिकट, काडीसारखे तरंगत होते. बायको आतून म्हणाली, "आला का लाल?"

उत्तर दिलं नाही. दुकानातून निघताना हातात कोंबलेलं, रंग खुलवणाऱ्या खाद्याचं १८० रुपयांचं पाकीट स्टँडवर होतं. त्यावर टॉर्च मारला. पाकिटावर मासा छापलाय. डोक्यापासून शेपटीपर्यंत तांबडा. अस्सल कार्डिनल.