पोर आपले, पाळणाघर तिचे

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की खान्देशातल्या ओट्याओट्यांवर सालदारांची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्यांची, साले ठरतात. रोख किती, धान्य किती, खाडे पडले तर कापायचे की नाही आणि उचल किती द्यायची, हे सगळे दोन कप चहात मिटते आणि त्यासाठी कोणाला वकील लावावा लागत नाही. हल्ली सालदार मिळणेच अवघड झाल्यामुळे मालकाचा आवाजही जरा मऊ असतो. वाचक महोदय, आपणही असे हिशेब वर्षानुवर्षे करत आला आहात. तरीही विभक्त पत्नीकडे राहणाऱ्या आपल्या साडेतीन वर्षांच्या मुलाचा महिन्याचा खर्च कोणी किती उचलायचा, असा प्रश्न आला की आपले गणित एकाएकी कच्चे होते, आणि हे कच्चेपण न्यायालयालाही पटावे अशी आपली इच्छा आहे. ही विद्या सोपी नाही. भुसावळात माझ्या भिंतीला लागूनच एक पाळणाघर चालते, त्यामुळे ती साध्य केलेले काही वडील मला जवळून पाहता आले. त्यांच्याकडून जे शिकलो, ते आपल्या उपयोगासाठी मांडत आहे.

मूल कोणाचे, हे प्रसंग पाहून ठरवावे. कानबाईच्या रोटाला भाऊबंद जमलेले असताना, जावळाच्या वेळी किंवा ताब्याचा अर्ज लिहून घेताना ‘पोऱ्या मना शे’, पोरगा माझा आहे, असे छाती पुढे काढून सांगावे. खर्चाचा विषय निघाल्याबरोबर तेच मूल ‘तिच्याकडे असलेले मूल’ होते, आणि ‘तिने नेले, तिने पाहावे’ हे वाक्य उच्चारताना चेहऱ्यावर दुःख आणावे. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याचे कलम २० मुलांच्या निर्वाहाची जबाबदारी आई आणि वडील दोघांवरही टाकते, याची आठवण कोणी करून दिलीच, तर त्यातला ‘आई’ एवढाच शब्द ठळकपणे वाचून दाखवावा.

त्यानंतर उत्पन्न आटवायला घ्यावे. लग्न जमवताना आपल्या घरी बारा एकर बागायती, केळीचे दोन बाग आणि जळगावला प्लॉट होता, हे मुलीकडच्यांना आजही तोंडपाठ आहे, म्हणून थोडे जपून आटवावे लागते. शेत वडिलांच्या नावावर, केळीचा पैसा आईच्या खात्यावर, चारचाकी मेहुण्याची आणि दुकान भावाचे, अशी व्यवस्था झाली की न्यायालयासमोर उभा राहतो तो फक्त अंगावरच्या शर्टाचा मालक. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्यामुळे ते विवरणपत्रातही फारसे बोलत नाही. अडचण एवढीच, की ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी दोन्ही पक्षांनी आपापले उत्पन्न, मालमत्ता आणि देणी शपथपत्रावर उघड करावीत असे ठरवून दिले, आणि तेव्हापासून गरिबी नुसती सांगून भागत नाही, ती सही करून लिहून द्यावी लागते. अशा वेळी बुलेटचा हप्ता कामाला येतो. फक्त प्राप्तिकर आणि भविष्यनिर्वाह निधी यांसारख्या सक्तीच्या कपातीच न्यायालये सहसा वजा धरतात, स्वतःच्या हौसेने काढलेल्या कर्जाचे हप्ते नाहीत, ही बातमी आपल्यापर्यंत पोहोचलीच नाही असे समजून हप्त्याचे कागद निर्धास्तपणे जोडावेत.

आता मुख्य विषयाकडे वळू, कारण खरी प्रतिभा लागते ती पाळणाघराच्या बाबतीत.

माझ्या शेजारचे उदाहरण घेऊ. मुलाची आई जळगावच्या एका खासगी प्रयोगशाळेत १६,००० रुपयांवर काम करते आणि भुसावळहून पंचवीसेक किलोमीटर रोज रेल्वेने जाते-येते. वडिलांना हातात ३२,००० मिळतात. पाळणाघराचे महिन्याला ३,६०० होतात, उन्हाळ्यात कूलरचे ३०० वेगळे, आणि संध्याकाळी साडेसहानंतर दर अर्ध्या तासाला ३० रुपये. सालदाराचा हिशेब ज्याला येतो त्याला हाही यावा: एकाची कमाई दुसरीच्या दुप्पट, म्हणून ३,६०० पैकी वडिलांनी २,४०० द्यावेत आणि आईने १,२००. ही माझ्या डोक्यातली कल्पना नव्हे. सन २००० मध्ये ‘पद्मजा शर्मा विरुद्ध रतनलाल शर्मा’ या खटल्यात आईवडील दोघेही कमावते होते, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने मुलांचा खर्च दोघांवर दोनास एक याच प्रमाणात टाकला होता. २०२० च्या निकालानेही मुलांच्या शिक्षणाचा खर्च सामान्यतः वडिलांनी करावा, आणि पत्नी पुरेसे कमावत असेल तर तो प्रमाणात वाटता येईल, असेच म्हटले. म्हणजे रीत ठरलेली आहे आणि भागाकार चौथीतल्या मुलाला जमेल एवढा आहे. त्यातून सुटायचे तर आपल्याला गणित सोडून तर्कशास्त्राकडे जावे लागेल.

तो तर्क असा. ती १६,००० कमावते, म्हणजे ती स्वतःचे आणि मुलाचे पाहण्यास समर्थ आहे, सबब आपण देणे लागत नाही. पाळणाघर मात्र तिने स्वतःच्या नोकरीसाठी लावले आहे, मुलासाठी नव्हे, सबब तो तिचा वैयक्तिक खर्च ठरतो. या दोन विधानांच्या मधोमध एक बारीक वस्तू अडकलेली आहे: पाळणाघर नसेल तर ते १६,००० उरत नाहीत. आपल्या उत्तरातून वजावटीसाठी तिचा पगार घ्यायचा आणि तो पगार ज्यामुळे येतो ती पावती तिच्याच हातात परत द्यायची, हे कौशल्य ज्याला साधले त्याला पुढचे काही शिकवण्याची गरज नाही. तिने उद्या कंटाळून नोकरी सोडलीच, तर ‘शिकलेली असून मुद्दाम घरी बसली आहे’ हा परिच्छेद आपल्या वकिलांच्या संगणकात तयार असतोच.

पर्याय सुचवण्यातही कंजुषी करू नये. ‘तिची आई आहे की घरी,’ असे म्हणावे. त्या आजींच्या गुडघ्यांची दोन वर्षांपासून दवाखान्यात ये-जा आहे, हा तपशील अनावश्यक समजावा. आपली आई नातवासाठी झुरते हे सांगताना ती त्याला आठवड्यातून दोन दिवस तरी सांभाळेल का, असे कोणी विचारणार नाही याची मात्र काळजी घ्यावी. अंगणवाडी मोफत असते असेही म्हणता येईल. ती दिवसातले काही तासच भरते आणि आईची गाडी संध्याकाळी सात वाजता फलाटाला लागते. मधल्या तासांत मूल कुठे असावे, याचे उत्तर देण्याचे बंधन आपल्यावर कोणत्याही कलमाने घातलेले नाही. कायद्याची जाण दाखवायची असेल, तर २०१७ पासून कंपनीने पाळणाघर देणे बंधनकारक आहे असे ठणकावून सांगावे. ते ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनाच लागू आहे आणि त्या प्रयोगशाळेत झाडणाऱ्या मावशी धरून अकरा माणसे आहेत, हे मोजायला जळगावला कोण जाणार?

कूलरच्या ३०० रुपयांवर तर अवश्य अडून बसावे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेलेला असताना आपण कचेरीच्या एसीमध्ये बसून ‘आमच्या लहानपणी कुठे होते कूलर?’ असा संदेश पाठवला, की मुलावर काटकसरीचे संस्कार करणारा बाप म्हणून नातेवाइकांत आपली प्रतिमा उजळते.

या सर्वांत पाळणाघर चालवणाऱ्या मावशींना कमी लेखू नये. त्यांच्याकडे दोनशे पानी वही आहे. प्रत्येक मुलाला त्यात एक पान, पानावर निळ्या शाईत महिने, आणि बाकी राहिलेल्या रकमेखाली लाल रेघ. मी एकदा सहज डोकावलो, तेव्हा या मुलाच्या पानावर चार महिन्यांच्या चार लाल रेघा होत्या, म्हणजे १४,४०० रुपये. त्याच आठवड्यात वडील वाढदिवसाला रिमोटवर चालणारी जीप घेऊन आले होते. जीप मोठी, पिवळी आणि १,८०० रुपयांची होती. ओट्यावर फोटो निघाले, स्टेटस लागले, आणि मूल जीपमागे धावताना त्याच्या चपलेतून टाच बोटभर बाहेर येत होती. चपलेचा फोटो कोणी काढला नाही. यातून आपण एवढेच घ्यावे, की द्यायचेच असेल तर फोटोत येईल असे काही द्यावे. पाळणाघराची पावती फोटोत चांगली दिसत नाही.

न्यायालयाच्या बाबतीत काळ हा आपला जुना मित्र आहे, परंतु अलीकडे त्याचे वागणे बदलले आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये निर्वाह रकमेवर महिना ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. तो आपला सुवर्णकाळ २००१ च्या दुरुस्तीने संपवला. त्याच दुरुस्तीने अंतरिम निर्वाहाचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असेही म्हटले, आणि १ जुलै २०२४ पासून हेच कलम नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १४४ या क्रमांकाने नांदते आहे. सारी मदार ‘बजावल्यापासून’ आणि ‘शक्यतो’ या दोन शब्दांवर ठेवावी. नोटीस आली की घराला कुलूप असावे, आपण सुरतेला कामानिमित्त गेलेले असावे, आणि आलेल्या माणसाला शेजाऱ्यांनी आपला पत्ता नव्हे तर फक्त चहा द्यावा. पुढे तारखेला वकील आजारी, त्यापुढच्या तारखेला कागद अपुरे. या धोरणातली एकच गळती अशी, की २०२० च्या निकालानुसार निर्वाहाची रक्कम अर्जाच्या तारखेपासून द्यावी लागते, त्यामुळे आपण वाचवलेला प्रत्येक महिना थकबाकीच्या रांगेत मुकाट उभा असतो. थकवले तर एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगल्याने देणे फिटत नाही, असेही सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगून ठेवले आहे. तुरुंगात जाऊनही हिशेब मिटू नये, हा व्यवहार सालदारालासुद्धा पटणार नाही.

त्यापेक्षा बैठक बसवलेली बरी, असे काही जाणती मंडळी सुचवतील. मामा, काका आणि गावातले दोन वजनदार गृहस्थ मधे घालून एकरकमी काहीतरी देऊन फारकत घ्यावी आणि स्टॅम्पवर ‘यापुढे मुलाचा खर्च मागणार नाही’ असे तिच्याकडून लिहून घ्यावे. पूर्वी १०० चा स्टॅम्प चालत असे, ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात त्या कामाला ५०० चा लागतो. हा खर्च मात्र आपण एकट्याने आनंदाने उचलता, असा माझा अनुभव आहे. निर्वाह हा मुलाचा स्वतःचा हक्क असल्यामुळे आईला तो त्याच्या वतीने सोडून देता येत नाही, आणि त्या कागदाचा उपयोग पुढे फार तर शेंगदाणे बांधायला होईल, हे बैठकीतल्या कोणीही बोलू नये. बोलले तर शेवभाजीचे जेवण बेचव होते.

भेटीचा विषय मी थोडक्यात आटोपतो, कारण तिथे दोन्ही पक्ष सारखेच तयारीचे आढळतात. ‘भेट नाही तर पैसे नाहीत,’ हे आपण म्हणता आणि ‘पैसे नाहीत तर भेट नाही,’ हे ती म्हणते. कायदा या दोन गोष्टी एकमेकींना बांधत नाही, पण दोघांच्याही वकिलांना ते सांगण्यास सवड मिळत नाही. मूल दर दुसऱ्या रविवारी नवे कपडे घालून दारात बसते आणि अकरा वाजता ते कपडे उतरवते.

शेवटी एका कच्च्या दुव्याविषयी सावध करणे माझे कर्तव्य आहे. प्रवेशाचा अर्ज भरताना आपण स्वतः पाळणाघरात आला होता, आणि आईने नुसते ‘बाळू’ लिहिले ते खोडून मुलाचे पूर्ण नाव वळणदार अक्षरात लिहिले होते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्याच्या सरकारी कागदपत्रांवर वडिलांच्या आधी आईचेही नाव लागते. आपला मुलगा त्याआधीचा असल्यामुळे ती सोय आपल्याला मिळू शकली नाही. मावशींनी अर्जावरून ते नाव जसेच्या तसे वहीच्या पानावर उतरवले आहे: आधी त्याचे, मध्ये आपले, शेवटी आडनाव, आणि त्याखाली लाल रेघा. या आखाजीला त्या जुनी वही बंद करून नवी काढणार आहेत. मागील बाकी पुढे ओढताना मधले नाव वगळावे, अशी लेखी विनंती आपण त्यांना वेळेत करून पाहावी.