ड्रॅक्युला, सासरे आणि सात उभा

लोकांना भुताची भीती वाटते, मला उन्हाची. जुन्या भयपटांच्या जाहिराती असलेली अमेरिकन वर्तमानपत्रं मी जमवतो. तीही अख्खी, कात्रण म्हणजे आमच्यात पाप. न्यू जर्सीतल्या आमच्या बेसमेंटच्या खिडकीला मी काळा कागद लावलाय. ड्रॅक्युला तिथे भाड्याने राहतो, असा शेजारच्या पोरांचा ठाम समज आहे.

या छंदातला अन्याय असा, की १८५०चा अंक आजही जुन्या धोतरासारखा मऊ लागतो, कारण तो चिंध्यांच्या कागदावर छापलेला. बोलपट येईपर्यंत वर्तमानपत्रं लाकडाच्या लगद्यावर गेली होती. तो कागद स्वतःच्याच आम्लाने स्वतःला खातो. १९३१चा अंक उलगडला की घडीवर तुटतो आणि मांडीवर चुरा पडतो. वाचनालयांनी पानांची मायक्रोफिल्म, म्हणजे फिल्मवर बारीक छायाचित्रं, करून बांधीव खंड काढून टाकले. विक्रेत्यांनी ते उचलले आणि सुटे करून आमच्या गळ्यात मारले.

माझं रत्न म्हणजे न्यूयॉर्कचा १२ फेब्रुवारी १९३१चा अंक. त्या दिवशी रॉक्सी थिएटरला बेला लुगोसी या नटाचा 'ड्रॅक्युला' लागला. व्हॅलेंटाइन डे दोन दिवसांवर, म्हणून रक्तपिपासू उमरावाला चक्क प्रेमकथेचा नायक करून विकला होता. किंमत ऐकून बायको म्हणाली, "एवढ्यात माझ्या पाटल्या झाल्या असत्या. त्यांचा चुरा तरी पडत नाही."

मग सांगलीहून सासरे आले. बँकेतून निवृत्त, आणि जेटलॅगमुळे पहाटे तीनला टक्क जागे. मी खाली गेलो तर मायलरचं, म्हणजे अंक जपायचं पारदर्शक प्लॅस्टिकचं, पाकीट उघडं, अंक टेबलावर पसरलेला आणि त्यांच्या हातात बॉलपेन. ते शब्दकोडं सोडवत होते. निळ्या शाईत.

"जावईबापू, पेपर जरा शिळा दिसतोय, पण कोडं झकास आहे. फक्त सात उभा अडलाय."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी नुसतं जाहिरातीकडे बोट दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला.

"हिरो का?"

"भूत आहे, बाबा."

"केस मात्र चापून बसवलेत."

सासऱ्यांवर ओरडायची आपल्याकडे पद्धत नाही. मी चहा टाकला. पहिला घोट घेऊन ते म्हणाले, "दुसऱ्या दिवशीचा अंक कुठाय? उत्तरं त्यात असतात."

'ड्रॅक्युला'चं परीक्षण १३ तारखेला छापून आलं होतं, असं बायकोला पटवून मी तोही अंक मागवलाय. तो हातात पडेपर्यंत सासऱ्यांनी परतीचं तिकीट पुढे ढकललंय.