"संशोधन सांगतं" म्हणा आणि बिनधास्त ठोका

तुमचं घरात-दारात कोण ऐकत नाही ना? मग मत मांडायचं सोडा आणि प्रत्येक वाक्याच्या आधी "संशोधन सांगतं" लावायला शिका. मी वर्षभर हेच करतोय, आधी फोंड्याला आमच्या सोसायटीच्या मीटिंगला मी जिन्याच्या पायरीवर बसायचो, आता मला खुर्ची मिळते आणि चहासुद्धा आधी.

सुरुवात जॅमपासून करा. 2000 साली छापून आलेला प्रयोग, कॅलिफोर्नियातल्या एका दुकानात चाखायला 24 प्रकारचे जॅम मांडले तर थांबलेल्यांपैकी जेमतेम 3 टक्के लोकांनी जॅम विकत घेतला, आणि 6 च मांडले तर 30 टक्के लोकांनी. बस, एवढं पाठ करा, आयुष्यभर पुरतं. माझ्या मावसभावाचं म्हापशात किराणा दुकान आहे, माल भरायला पैसे नाहीत म्हणून अर्धी फळी रिकामी, त्याला म्हटलं अरे लाजतोस कसला, ह्याला चॉइस कमी करणं म्हणतात. आता तो थकबाकी मागायला आलेल्या होलसेलवाल्यालाही तेच ऐकवतो. 2010 मध्ये कोणीतरी अशा 50 प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला आणि सरासरी परिणाम शून्याच्या आसपास निघाला, पण हे तुम्ही ऐकलंच नाही असं समजा. उगाच कशाला चांगल्या खुर्चीला सुरुंग.

मग अँकरिंग. 1974 चा ट्वर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांचा पेपर, म्हणजे शोधनिबंध, लोकांसमोर एक चक्र फिरवलं, ते मुद्दाम 10 किंवा 65 वरच थांबायचं, मग विचारलं की युनोमध्ये आफ्रिकेतले देश किती टक्के. 10 बघितलेल्यांचा अंदाज 25 च्या घरात, 65 बघितलेल्यांचा 45. म्हणजे आधी कानावर पडलेला आकडा डोक्यात रुतून बसतो. हे ज्ञान घेऊन मी शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गेलो. विसवणीपुढे, म्हणजे सुरमईपुढे, बसलेल्या बाईने बाराशे सांगितले आणि मी मनात म्हटलं, हं, पकडली तुझी चोरी, हे अँकरिंग! तोवर ती म्हणाली, "घे रे पुता, तुका म्हूण णवशें" आणि मी तीनशे वाचवल्याच्या आनंदात पिशवी पुढे केली. शेजारच्या काकींनी तसलीच विसवण सहाशेला आणली. त्यांनी काहनेमन वाचलेला नाही. त्या नुसत्या पाठ फिरवून चालायला लागल्या, बाईने हाक मारून बोलावलं.

सरकारी धोरणावर बोलायचं असेल तर उदयपूर लक्षात ठेवा. बॅनर्जी, डफ्लो या अर्थतज्ज्ञांनी आणि मंडळींनी (त्या दोघांना 2019 चं नोबेल) तिथल्या खेड्यांत पोरांना लस टोचून घेतली की किलोभर डाळ आणि सगळे डोस पूर्ण झाले की स्टीलची ताटं दिली. जिथे काहीच केलं नाही तिथे पूर्ण लसीकरण 6 टक्के, नियमित कॅम्प लावला तिथे 18, कॅम्प आणि डाळ दोन्ही होती तिथे 39. आता हे वापरायचं कसं? सोपं आहे. आपल्या घरात गोवा सरकारच्या गृह आधार योजनेचे महिन्याला दीड हजार येत असतील तर ते "इन्सेंटिव्ह", समोरच्या वाड्यावर येत असतील तर रेवडी. डाळ आणि दीड हजारात काय फरक असं कोणी विचारलं तर तुम्ही पेपर वाचलाय का असं उलट विचारा, ९९ वेळा समोरचा गप्प बसतो. हा ९९ माझा आकडा आहे.

आकड्यांवरून आठवलं. फॉर्मवर सही शेवटी घेण्याऐवजी सुरुवातीला घेतली तर माणसं खरं लिहितात असा 2012 चा एक फार गाजलेला पेपर होता, त्यावरून मी सोसायटीच्या सगळ्या फॉर्मवर सहीची जागा वर आणून ठेवली. 2021 मध्ये त्यातल्या गाडीच्या विम्याच्या प्रयोगाचे आकडेच बनावट निघाले आणि पेपर मागे घेतला. प्रामाणिकपणावरचा पेपर, बघा. आमचे फॉर्म मात्र तसेच आहेत, 500 छापून घेतले होते.

राहिलं पार्किंग. पाहुण्यांच्या जागेत बी विंगमधले भाऊ कायम गाडी लावायचे, चवथीला मुंबईचे लोक आले की रस्त्यापर्यंत रांग. मी उठून म्हटलं, इस्राएलच्या हैफात पाळणाघरातून पोरांना न्यायला उशीर करणाऱ्या आईबापांना दंड लावला होता, त्यावर संशोधन आहे, आपणही लावूया. दिवसाला 50 रुपये, एकमताने पास. पेपर मी पुढे वाचला नव्हता, तो रात्री वाचला. 10 शेकेल दंड लावल्यावर उशीर करणारे जवळजवळ दुप्पट झाले, कारण पैसे मोजले की लाज वाटायची बंद होते, आणि दंड काढून टाकला तरी ते कमी झाले नाहीत.

सकाळी भाऊंनी महिन्याचे दीड हजार जीपे केले आणि पावतीवर "पार्किंग भाडे" लिहून मागितलं. सी विंगमधल्या दोघांनीही चौकशी केली. मागच्या रविवारी आम्ही दंड रद्द केला. भाऊंची गाडी तिथेच आहे, आणि उरलेल्या नऊ दिवसांचे साडेचारशे ते परत मागतायत.